डबल बास घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डबल बास घ्यायचा म्हटलं की माणूस आधी लाकूड विचारतो, मग ब्रँड, मग किंमत. सेटअपचं, म्हणजे घोडी, तारा वगैरे त्या बासला नीट जुळवून बसवण्याचं, नाव निघतं ते सगळ्यात शेवटी, बहुतेकदा बोटांना फोड आल्यावर. हा क्रम उलटा हवा असं माझं ठाम मत आहे आणि खालची बरीच उत्तरं त्याच मताने रंगलेली आहेत. ज्यांना केवळ फळ्यांची माहिती हवी त्यांनी तिसऱ्या प्रश्नापासून वाचलं तरी चालेल.

डबल बास, अपराइट बास, कॉन्ट्राबास ही वेगवेगळी वाद्यं आहेत का?

नाही, एकच: व्हायोलिनच्या घडणीचं, उभं राहून वाजवायचं मोठं खर्जाचं वाद्य. वाद्यवृंदातले लोक डबल बास किंवा कॉन्ट्राबास म्हणतात, जॅझवाले अपराइट म्हणतात. जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी असे स्वर आणि शेजारच्या दोन तारांत षड्ज-मध्यमाचं अंतर. बास गिटारचे स्वरही हेच, त्यामुळे गिटारवरून येणाऱ्याला स्वर नव्याने पाठ करावे लागत नाहीत. हात मात्र पहिल्यापासून घडवावा लागतो.

सगळे बास '३/४' लिहिलेलेच दिसतात. हा लहान मुलांचा आकार ना?

व्हायोलिनमुळे होणारा गैरसमज. बासमध्ये ३/४ हाच मोठ्या माणसांचा रूढ आकार आहे. उंची साधारण १८० सेंमी आणि नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची तारा टेकणारी पट्टी) घोडीपर्यंत (धडावर तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा) तारेची लांबी १०४ ते १०७ सेंमी. ४/४ आकार मोठ्या वाद्यवृंदांत दिसतो, त्याची तार ११० सेंमीच्या आसपास जाते. ७/८ या दोघांच्या मधला.

पण ही नावं फार मनावर घेऊ नका. आकाराची एकच मोजपट्टी सगळे कारागीर पाळत नाहीत. एकाचा ३/४ दुसऱ्याच्या ७/८ एवढा निघू शकतो. टेप घेऊन तारेची लांबी स्वतः मोजा. खालच्या जागांवर पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत पूर्ण पंजा ताणून जेमतेम एक पूर्ण स्वर हाताखाली येतो, तिथे दोन सेंटिमीटरसुद्धा तासाभराच्या वादनानंतर मनगटाला जाणवतात. हात लहान असेल तर १०४च्या आसपासचा बास शोधा. त्यात कमीपणा काही नाही.

प्लायवुड, हायब्रिड आणि कोरीव यांत नेमका फरक काय?

बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. फरक आहे तो फळ्या कशा घडल्या यात.

कोरीव बासची पुढची फळी स्प्रूसची असते. दोन जाड तुकडे मध्यावर जोडायचे आणि त्यातून कमानदार फळी खोदून काढायची, पोटात थोडी जाड, कडांकडे पातळ. पाठ आणि कडेच्या पट्ट्या बहुधा मेपलच्या, पट्ट्या उष्णतेवर वाकवलेल्या. फळी कुठे किती पातळ करायची हे कारागीर ती वाकवून, टकटक करून, ऐकून ठरवतो. एवढ्या मोठ्या फळीवर हे काम करायचं तर दिवसच्या दिवस जातात आणि किमतीतला मोठा वाटा त्या दिवसांचा असतो.

प्लायवुड बासमध्ये पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून साच्यात दाबतात. एका पापुद्र्याच्या रेषा उभ्या, तर पुढच्याच्या आडव्या. लाकूड नेहमी आपल्या रेषेच्या बाजूने फाटतं. इथे ती वाटच अडवलेली असते, म्हणून हा बास सहसा तडकत नाही. पण ज्या बंधनामुळे तो तडकत नाही त्याच बंधनामुळे त्याची फळी मोकळेपणाने हलत नाही. सूर चटकन येतो, ठोका ठळक लागतो, आस मात्र लवकर विरते.

हायब्रिडमध्ये पुढची फळी कोरीव, पाठ आणि पट्ट्या प्लायवुडच्या. तर्क सरळ आहे. आवाजाचा मोठा भार पुढची फळी उचलते, तेव्हा पैसा तिथे घालायचा आणि मागच्या बाजूच्या भेगांची काळजी मिटवायची. पहिल्यांदा बास घेणाऱ्या आणि गजही शिकणाऱ्या माणसाला मी बहुतेकदा हाच सुचवतो.

तिन्ही प्रकारांत आतली रचना एकच. ई तारेच्या बाजूला घोडीच्या पायाखाली फळीच्या आतून एक लांब लाकडी पट्टी चिकटवलेली असते, तो बासबार. जी तारेच्या बाजूच्या पायाच्या किंचित मागे एक गोल काठी पुढच्या आणि मागच्या फळीत नुसती दाबून उभी असते, तो साउंडपोस्ट. त्याला सरस लावत नाहीत. तो जागेवर राहतो तो तारांच्या ताणामुळे. ही साधी काठी अर्ध्या बोटाने सरकली तरी बासचा आवाज बदलतो.

प्लायवुड म्हणजे कमअस्सल का?

प्लायवुड म्हटलं की नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. शिकागोच्या 'के' (Kay) या कंपनीने १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्लायवुडचे बास मोठ्या संख्येने बनवले आणि अमेरिकेतल्या शाळा, नाचाचे बँड, जॅझ आणि ब्लूग्रासचे कित्येक वादक त्यांवरच वाढले. एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५४च्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रम नाही, तरी तालाची जी टपटप ऐकू येते ती बिल ब्लॅकच्या बासची, तार खेचून फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या बोटं दाबायच्या पट्टीवर, आपटण्याची. ते काम नाजूक कोरीव बासवर करायला कुणी धजणार नाही.

सतत प्रवास असेल, हवामान लहरी असेल, उघड्यावर वाजवायचं असेल, स्पीकर मोठ्याने लावून वाजवायचं असेल, तर चांगला प्लायवुड बासच घ्या. तो फीडबॅकही कमी देतो. मर्यादा कळते ती गज लावल्यावर. घशात काहीतरी अडकलेल्या गायकासारखा आवाज येतो. अर्ध्याहून जास्त वादन गजाने होणार असेल तर किमान हायब्रिड बघा.

विक्रेता 'सॉलिड वुड' म्हणतो. ते खरं की नाही, कसं कळणार?

एफ-होलच्या, म्हणजे पुढच्या फळीवरच्या f आकाराच्या भोकाच्या, कडेकडे टॉर्च मारून बघा. प्लायवुड असेल तर सँडविचसारखे थर दिसतात. कधी कधी कडेला काळा रंग फासून ते लपवलेले असतात आणि तसा रंग दिसला तर संशयाला जागा आहे. अखंड लाकडाच्या रेषा बाहेरच्या पृष्ठभागावरून कडेत आणि कडेतून आत सलग जातात. पाठीचंही असंच. बाहेर वाघासारखे पट्टे असलेला सुंदर मेपल आणि आत त्याच जागी सपाट, निराळंच लाकूड, म्हणजे वरचा नुसता पापुद्रा.

आणखी एक मेख: 'सॉलिड' म्हणजे 'कोरीव' असं नाही. अखंड फळी उष्णतेने दाबून कमान दिलेली असू शकते. फळी कोरलेली आहे की दाबलेली, असा थेट प्रश्न विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर तेही उत्तरच समजा.

पाठ सपाट हवी की गोल? आणि कोपऱ्यांचं काय?

सपाट पाठीच्या आत आडव्या आधारपट्ट्या असतात. हवा कोरडी झाली की पाठीची फळी रुंदीत आक्रसते, आधारपट्टी आपल्या लांबीत तेवढी आक्रसत नाही, आणि दोघांच्या ओढाताणीत भेग पडते. गोल पाठ कमानीमुळे हे पुष्कळ सोसते. आवाजाबद्दल वादकांत एकमत नाही. सपाट पाठीचा उच्चार जास्त थेट वाटतो, असं मला वाटतं, पण डोळे मिटून पैज लावायला मी तयार नाही.

कोपरे व्हायोलिनसारखे टोकदार असोत की गांबा या जुन्या गजवाद्यासारखे गुळगुळीत, ती आवड-निवड. टोकदार कोपरे दाराच्या चौकटीवर जास्त आपटतात, एवढं मात्र खरं.

फिंगरबोर्ड आबनूसचाच असावा का?

शक्य असेल तर हो. जाड धातूच्या तारा त्यावर वर्षानुवर्षं दाबल्या जातात, मऊ लाकडात चर पडतात आणि सूर खरखरायला लागतात. आबनूस सगळ्यात टणक, शिसवी त्याखालोखाल. स्वस्त बासवर साधं फिकट लाकूड काळं रंगवून बसवतात.

माझा पहिला बास असाच होता. 'एबनी फिंगरबोर्ड' असं छापील कागदावर लिहिलेलं. दुसऱ्या आठवड्यात घामाने माझ्या डाव्या हाताची चारही बोटं शाई लागल्यासारखी काळी व्हायला लागली आणि महिन्याभरात जी तारेखाली पिवळसर लाकडाची रेघ उघडी पडली. विक्रेत्याने 'सुरुवातीला असं होतं' म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून मी फिंगरबोर्डची खालची बाजू आधी बघतो, म्हणजे धडावर लोंबत असलेल्या टोकाचा पोटाकडचा भाग. तिथे रंग पोचलेला नसतो किंवा ब्रशचे फराटे दिसतात. ओल्या फडक्याने पुसून बघा, काळं येतं का.

लाकडाइतकाच आकार महत्त्वाचा. फिंगरबोर्ड लांबीत अगदी सरळ नसतो. कंप पावणाऱ्या तारेला जागा मिळावी म्हणून मध्ये किंचित खोलगट असतो. ती खोली कमी पडली की तारा खडखडतात, जास्त झाली की मधल्या जागा दाबता दाबता हात मोडतो. तंबोऱ्याला जवारी लागते, बासला तीच डोकेदुखी. यावर उपाय आहे: कारागीर रंधा मारून आकार नीट करतो. पण त्यासाठी मुळात पुरेशी जाडी शिल्लक हवी. विकत घेतानाच कडेने बघून घ्या.

मानेत काय तपासायचं?

मान धडाला जिथे मिळते तो सांधा. तिथे केसाएवढी जरी फट दिसली तरी तारांच्या ताणाने ती वाढत जाते. चारही तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या वर असतो, हे ध्यानात असू द्या. टाचेजवळ आडवी भेग असेल तर वाद्य सोडून द्या, किंवा दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायला लावा.

दुसरी गोष्ट म्हणजे 'डी नेक' की 'ई-फ्लॅट नेक'. हात वर सरकवत अंगठा मानेच्या टाचेला टेकला की जी तारेवर पहिल्या बोटाखाली कोणता स्वर येतो, त्यावरून हे नाव. दोन्ही चालतात. मात्र ज्याची सवय झाली तो हाताचा मैलाचा दगड होऊन बसतो, म्हणून तुमच्या शिक्षकांच्या बासवर कोणता आहे ते विचारून घ्या.

आवाज कसा पारखायचा? मला तर सगळे बास सारखेच वाटतात.

सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतात. त्याला कारणही आहे. खालच्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे हवेतली त्याची लाट आठ मीटरहून लांब. बासचं धड त्यामानाने इतकं लहान की तो मूळ स्वर ते फारसा फेकूच शकत नाही. वरचे स्वरांश जोरात येतात आणि त्यांवरून आपला कान खर्ज मनातल्या मनात जोडून घेतो. म्हणून चांगला बास म्हणजे निव्वळ घुमणारा बास नव्हे. घुमतो पण स्वर कुठला ते कळत नाही, अशा बासला चार वाद्यं सोबत आली की कुणी ऐकत नाही.

मी असं करतो. आधी चारही मोकळ्या तारा, एकेक, शांतपणे. जी छान आणि ई पोकळ, अशी फार तफावत आहे का? मग प्रत्येक तारेवर अर्ध्या-अर्ध्या स्वराने वरपर्यंत, अजिबात घाई न करता. एखादा स्वर अचानक मेल्यासारखा येतो, एखादा उगाच ओरडतो, एखादा गज लावल्यावर गुरगुरत थरथरतो. या शेवटच्याला वुल्फ नोट म्हणतात आणि तो चांगल्या कोरीव बासमध्येही सापडतो. घोडीच्या पलीकडच्या तारेवर छोटं वजन बसवून तो पुष्कळ आवरतो, त्यामुळे एका वुल्फसाठी वाद्य नाकारू नका. तीन-चार असतील तर विचार करा.

नंतर बास दुसऱ्या कुणाच्या हाती द्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहा. हे टाळू नका. वाजवणाऱ्याच्या कानाला जो बास कोरडा, बोचरा वाटतो तोच दहा पावलांवर स्वच्छ ऐकू येतो आणि जो पोटाशी धरल्यावर गडगडतो तो तिथे पोचतच नाही. वाजवणारं कुणी नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा, पण फोनचा छोटा माइक खर्ज गाळतो हे गृहीत धरून.

आणि तारा कोणत्या आहेत ते विचारल्याशिवाय आवाजावर निकाल देऊ नका.

तारांनी इतका फरक पडतो?

पडतो. मध्यम प्रतीच्या बासमध्ये तर इतका, की बास बदलला असं ऐकणाऱ्याला वाटावं. व्हिएन्नाच्या थोमास्टिकच्या स्पिरोकोर या स्टीलच्या तारा जॅझमध्ये फार चालतात: लांब आस, किंचित घरघर, आणि वर्षानुवर्षं टिकतात. गजाखाली मात्र त्या हट्टी. पिरास्ट्रोच्या ओब्लिगातो किंवा इव्हा पिराझी या कृत्रिम गाभ्याच्या तारा, जास्त गोल आणि दोन्हीकडे चालणाऱ्या. डी'अ‍ॅडारिओच्या हेलिकोरमध्ये वाद्यवृंदासाठी, बोटांसाठी आणि दोन्हींसाठी असे वेगवेगळे संच मिळतात. आतड्याच्या तारांचा ठोका जाड आणि आस आखूड. जुन्या जॅझचा तो आवाज, पण दमट-कोरड्या हवेने त्या सतत उतरतात-चढतात आणि महागही पडतात.

पूर्ण संच बासच्या मानानेही स्वस्त नसतो. म्हणून तारा गंजलेल्या किंवा जुन्या दिसल्या तर नव्या संचाची किंमत बासच्या किमतीत मिळवूनच तुलना करा.

तारांची उंची किती असावी?

फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाशी मोजतात. बोटांनी जॅझ वाजवणाऱ्यांना जी तारेखाली ५-६ मिमी आणि ई तारेखाली ८-९ मिमी सोयीची पडते. जोरकस गज किंवा आतड्याच्या तारा असतील तर याहून जास्त लागते. घोडीच्या दोन्ही पायांत फिरकीचे अ‍ॅडजस्टर असतील तर हवामानाप्रमाणे उंची स्वतःच कमी-जास्त करता येते. नवीन बासमध्ये मी ते हवेतच म्हणेन.

दुकानात तारा फार उंच असतील तर बास वाईट ठरत नाही, सेटअप झालेला नाही एवढंच कळतं.

सेटअप, सेटअप म्हणजे नक्की काय करतात?

घोडीचे पाय फळीच्या कमानीला असे घासून बसवतात की खाली कागद सरकू नये. घोडी योग्य उंचीला कापतात, तिची जाडी कमी करतात. साउंडपोस्ट मापाने कापून जागेवर उभा करतात. नटच्या खाचा खोल करतात, गरज पडली तर फिंगरबोर्डला रंधा मारतात. कारखान्यातून येणाऱ्या पुष्कळ बासांत यातलं काहीच धड झालेलं नसतं. घोडी नुसती टेकवलेली असते.

सेटअप बासच्या कामात मुरलेल्या कारागिराकडूनच करून घ्या. गिटार दुरुस्त करणारा माणूस कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे बासच्या साउंडपोस्टची हत्यारं नसतात.

बजेट कसं वाटून घ्यावं?

सगळे पैसे बासवर घालू नका. निदान पाचवा हिस्सा, स्वस्त बास असेल तर चौथा हिस्सा, बाजूला काढा. त्यातून सेटअप, तारांचा संच, जाड अस्तराची पिशवी, गज वाजवणार असाल तर गज आणि राळ, कार्यक्रम करणार असाल तर पिकअप, म्हणजे बासचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारं उपकरण. बजेट कमी असेल तर बासची पायरी एक खाली आणा, सेटअपची आणू नका. नीट बसवलेला प्लायवुड बास रोज हातात घ्यावासा वाटतो. तारा बोटभर उंच असलेला कोरीव बास कोपऱ्यात उभा राहतो.

मधल्या पायरीवर मात्र फार रेंगाळू नका. चांगल्या प्लायवुडपेक्षा थोडासाच महाग असलेला 'पूर्ण कोरीव' बास दिसला, तर पैसे कुठे वाचवलेत ते शोधा. लाकूड पुरेसं वाळवलेलं नसणं हा नेहमीचा आडमार्ग असतो, आणि ते पहिल्या कोरड्या ऋतूत भेगांच्या रूपाने कळतं.

अगदी स्वस्तातला नवा बास घेऊन शिकायला सुरुवात केली तर?

इंग्रजी बोलणारे बासवादक अशा वाद्याला 'बासच्या आकाराची वस्तू' म्हणतात. खुंट्या घसरतात, मान सरकते, फिंगरबोर्ड मऊ. तो वाजण्यालायक करायचा खर्च त्याच्या किमतीएवढा होतो आणि विकायला गेलात तर कुणी घेत नाही. भाड्याने मिळत असेल तर वर्षभर चांगला बास भाड्याने घ्या. तेवढ्या काळात तुम्हाला काय हवं आहे तेही कळेल.

जुना बास घ्यावा का? भेगा असलेला?

घ्यावा. जुन्या बासला भेगा असणारच. प्रश्न भेग आहे का हा नाही, कुठे आहे आणि कशी बुजवली आहे हा आहे.

फळी आणि पट्ट्या यांच्यातला सांधा सुटलेला असेल तर घाबरू नका. तिथे कातड्याचा सरस मुद्दाम बेताचाच लावतात, म्हणजे लाकूड आक्रसलं की सांधा सुटेल पण फळी फाटणार नाही. कारागीर तो सहज परत चिकटवतो. पुढच्या फळीवर कडेला रेषेच्या दिशेने गेलेली, आतून छोट्या लाकडी चकत्या लावून पक्की केलेली भेगही चालते. बासबारच्या रेषेतली भेग आणि साउंडपोस्टच्या जागची भेग, विशेषतः पाठीवरची, या दोन्ही गंभीर. त्यांवर रोजचा दाब येतो. नीट दुरुस्त झालेल्या असतील तर बास वाजतो, पण किंमत बरीच खाली यायला हवी. पांढरा फर्निचरचा गोंद किंवा इपॉक्सी ओघळलेला दिसला तर पुढची दुरुस्ती दुप्पट महाग समजा, कारण आधी ते खरवडावं लागतं.

कारागिरांच्या चिकाटीला मात्र दाद द्यावी लागते. १९६१ मध्ये जॅझ बासवादक स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेला, तेव्हा प्रेस्कॉट या कारागिराने घडवलेला त्याचा एकोणिसाव्या शतकातला बासही सोबत होता आणि त्याची पार मोडतोड झाली. पुढे कोलस्टीन पिता-पुत्रांच्या कार्यशाळेत तो पुन्हा उभा राहिला. आपल्याला तेवढं करायचं नाही, पण 'दुरुस्त केलेला' या शब्दाला भिण्याचं कारण नाही.

आतल्या लेबलवर विसंबू नका. लेबल चिकटवायला दोन मिनिटं लागतात.

साउंडपोस्ट पडला तर काय करायचं?

एकदा पायऱ्या उतरताना माझ्या बासच्या पोटात 'खट्' झालं आणि पाठोपाठ लाटणं घरंगळावं तसा आवाज. पहिलं काम म्हणजे तिथल्या तिथे चारही तारा सैल करणं. आधाराची काठी नाही आणि वर तारांचा दाब, अशा स्थितीत पुढची फळी खचू शकते. बास आडवा ठेवा, वाजवून बघू नका, कारागिराला बोलवा. घडलं त्यात बासचा दोष नव्हता. हवा बदलली होती, लाकूड हललं होतं, तारा मी स्वतः एकदम उतरवल्या होत्या.

म्हणूनच तारा बदलताना एका वेळी एकच काढायची.

गज जर्मन की फ्रेंच?

तुमचे शिक्षक जो वापरतात तो. जर्मन गज खालून, तळवा वर ठेवून धरतात. फ्रेंच गज चेलोसारखा वरून. आवाज दोन्हींतून उत्तम निघतो. राळ मात्र खास बासचीच घ्या, व्हायोलिनची चालत नाही. बासची राळ मऊ असते आणि उन्हात ठेवली तर डबीबाहेर वाहते.

पिकअप लगेच घ्यावा का?

पहिला कार्यक्रम ठरेपर्यंत थांबा. घ्याल तेव्हा पिएझो (लाकडाची कंपनं टिपणाऱ्या) पिकअपमध्ये ढोबळमानाने तीन जागा: घोडीच्या पायाखाली, घोडीच्या पंखांच्या खाचेत, किंवा अ‍ॅडजस्टरच्या फिरकीत. शेवटच्या प्रकाराला आधी अ‍ॅडजस्टर हवेत, हे लक्षात घेऊनच घोडी करून घ्या. प्रीअ‍ॅम्पचा (ही पिकअपचा क्षीण आवाज वाढवणारी डबी) इनपुट इंपीडन्स किमान १ मेगाओम बघा, नाहीतर खर्ज गायब होऊन पत्र्यासारखा आवाज उरतो.

पाच तारांचा बास घ्यावा का?

पहिला बास म्हणून नको. बोत्तेसिनी या इटालियन बासवादकाने एकोणिसाव्या शतकात तेस्तोरे या कारागिराच्या तीन तारांच्या बासवर नाव काढलं. वाद्यवृंदात जाणाऱ्यांना पुढे खालचा सी लागतो. त्यासाठी चार तारांच्या बासवर ई तार मानेच्या वरपर्यंत लांबवणारं एक्स्टेन्शन नंतरही बसवता येतं.

बास बघायला जाताना सोबत काय न्यावं?

टॉर्च, टेप, ट्यूनर, आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा गोल आरसा. आरसा एफ-होलमधून आत सरकवून बासबार, चकत्या, गोंदाचे ओघळ बघता येतात. एक मिलिमीटरची पट्टी तारांच्या उंचीसाठी. गज वाजवत असाल तर स्वतःचा गज, कारण दुकानातल्या गजाचे केस बहुधा गुळगुळीत झालेले असतात. बास वाजवणारा एखादा मित्र सोबत मिळाला तर उत्तमच. आणि गाडीने जाणार असाल तर मागची सीट पाडल्यावर डिकीपासून डॅशबोर्डपर्यंत किती जागा उरते ते घरीच मोजून निघा. मी मोजलं नव्हतं. परतताना बासचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि गिअर टाकताना दर वेळी खुंटी कानाला लागत होती.